मधली लाइन चालते, मग बिलिंग का अडतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गांधीबागेत कापडाचं होलसेल दुकान आहे आणि वाडीला गोडाऊन. मध्ये प्रोव्हायडरकडून ५० एमबीपीएसची पॉइंट-टू-पॉइंट लाइन घेतली. दोन्ही टोकांना त्यांचा डबा आहे, त्यातून साधी लॅनची वायर निघते. दुकानात सेकंडहँड घेतलेला सिस्कोचा २९६० स्विच आहे, गोडाऊनला दुसऱ्या कंपनीचा, वेब पेजवरून सेटिंग होणारा स्मार्ट स्विच. चार व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं, केले : १० बिलिंग, २० कॅमेरे, ३० फोन, ४० गिऱ्हाइकांचं वाय-फाय. सिस्कोच्या पोर्टवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,४०' ही ओळ टाकली. दुकानातून गोडाऊनच्या स्विचचं पेज उघडते, पिंगही जाते. पण गोडाऊनच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला आयपीच भेटत नाही. प्रोव्हायडर म्हणतो लाइन ओके आहे. मुलगा म्हणतो स्विच खराब आहे. डोकं लावून लावून थकलो, काही जमून नाही राहिलं.
— एक कापड व्यापारी, गांधीबाग, नागपूर

उत्तर : भाऊ, स्विच चांगला आहे, आणि प्रोव्हायडरशी भांडायची वेळ अजून आलेली नाही. तुमच्याच पत्रातली एक गोष्ट बघा. तुमच्या यादीत व्हीलॅन १ नाही. तरी गोडाऊनच्या स्विचचं पेज दुकानातून उघडतं, आणि ते पेज, तुम्ही मुद्दाम हलवलं नसेल तर, व्हीलॅन १ मध्येच असतं. म्हणजे यादी लागूच झालेली नाही. तुमचा पोर्ट अजून ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच वायरीतून नेणारा पोर्ट, झालेलाच नाही.

२९६० चा पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' मोडमध्ये असतो. समोरच्याने ट्रंक होऊ का म्हणून विचारलं तर हो म्हणायचं, आपण होऊन विचारायचं नाही. हे विचारणं-सांगणं डीटीपी नावाच्या सिस्कोच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमधून चालतं. गोडाऊनच्या स्विचला डीटीपी माहीतच नाही, तो काय विचारणार? मग तुमचा पोर्ट गुपचूप अ‍ॅक्सेस पोर्ट, म्हणजे एकाच व्हीलॅनचा पोर्ट, बनून व्हीलॅन १ मध्ये बसून राहतो. 'शो रन', म्हणजे चालू सेटिंगची यादी, काढलं तरी हे दिसत नाही, कारण डिफॉल्ट सेटिंग तिथे छापून येत नाही. त्याऐवजी 'शो इंटरफेसेस ट्रंक' टाकून बघा. काहीच न दाखवता कमांड परत येईल. ते रिकामं उत्तर हेच तुमचं निदान.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. ट्रान्सपोर्टच्या एका गाडीत दहा पार्ट्यांच्या गाठी येतात, कोणती कोणाची हे वरच्या मार्क्यावरून कळतं. बिनमार्क्याची गाठ आली की हमाल ती नेहमीच्या थप्पीला लावून मोकळा होतो. ट्रंकवर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या एकेका गाठीला, असाच चार बाइटचा टॅग लागतो. त्याचं मानक ८०२.१क्यू, १९९८ सालचं, सगळ्या कंपन्यांचे स्विच ते पाळतात. बिनटॅगची फ्रेम आली तर ती नेटिव्ह व्हीलॅनच्या थप्पीत जाते. तुमच्या लाइनवरून सध्या फक्त बिनमार्क्याचा माल चाललाय.

उपाय दोन ओळींचा : त्या पोर्टवर 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' आणि त्याखाली 'स्विचपोर्ट नॉननिगोशिएट'. आधी 'एन्कॅप्सुलेशन डॉटवनक्यू' टाका असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती ओळ ३५६० सारख्या, सिस्कोचं जुनं टॅगचं तंत्र आयएसएलही येणाऱ्या मॉडेलांना लागते. २९६० ला ती कमांडच नाही, एरर आली तर घाबरू नका.

पण आत्ताच एंटर मारू नका. ट्रंक झाला की यादी लागू होईल, यादीत १ नाही, आणि जे पेज आज उघडतंय तेही बंद पडेल. म्हणून आधी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड १' टाका. त्यातला 'अ‍ॅड' खाऊ नका बरं. 'अ‍ॅड' टाकायचा राहिला तर आधीची सगळी यादी पुसली जाते आणि एकटा १ उरतो. मला रात्री-बेरात्री जे घाबरलेले फोन येतात, त्यातले बरेच या एका शब्दापायी असतात.

आता गोडाऊनचा स्विच. त्यात 'ट्रंक' नावाचा मेनू दिसला तर तिकडे जाऊ नका. बऱ्याच कंपन्यांकडे त्याचा अर्थ दोन-तीन वायरी एकत्र बांधून एक जाड लिंक करणे असा असतो. तुम्हाला '८०२.१क्यू व्हीलॅन' असं पान हवं. तिथे प्रत्येक व्हीलॅनसमोर पोर्टांची रांग असते, आणि पोर्टावर टी (टॅगसकट), यू (बिनटॅग) किंवा कोरी जागा. लाइनच्या पोर्टवर १० आणि ३० ला टी, १ ला यू. बिलिंगच्या कॉम्प्युटरच्या पोर्टवर १० ला यू, आणि व्हीलॅन १ मधून तो पोर्ट काढून टाका.

इथेच लोक फसतात, कारण काम झालं असं वाटतं आणि ते झालेलं नसतं. पीव्हीआयडीचं पान वेगळं असतं. 'यू' म्हणजे पोर्टातून बाहेर जाताना टॅग काढायचा. कॉम्प्युटरकडून आत येणारी बिनटॅगची फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायची, ते पीव्हीआयडी ठरवतो. तो १ वरच राहिला तर दुकानातला माल कॉम्प्युटरपर्यंत पोचतो, पण कॉम्प्युटरचं उत्तर भलत्याच व्हीलॅनमध्ये जातं. लाइट दोन्हीकडे लुकलुकतात, आयपी मात्र मिळत नाही. पीव्हीआयडी १० करा.

हे सगळं वाडीला उभं राहून करू नका. रविवारी दुकान बंद असेल तेव्हा गोडाऊनचा स्विच उचलून गांधीबागेत आणा, टेबलावर २९६० च्या शेजारी ठेवा आणि प्रोव्हायडरच्या लाइनच्या जागी एक छोटी पॅचकॉर्ड लावा. दोन्ही स्विचवर व्हीलॅन १० चा एकेक लॅपटॉप. तिथे चाललं म्हणजे तुमची सेटिंग बरोबर. मग वाडीला नेऊन लावल्यावर अडलं, तर दोष मधल्या लाइनचा, आणि प्रोव्हायडरसमोर तुमची बाजू पक्की.

टेबलावर असतानाच 'शो इंटरफेसेस ट्रंक' परत टाका. आता चार तुकडे दिसतील. पहिल्यात पोर्ट ट्रंक आहे की नाही. दुसऱ्यात तुम्ही परवानगी दिलेले व्हीलॅन. तिसऱ्यात त्यातले स्विचवर खरोखर तयार केलेले. चौथ्यात ज्यांची वाहतूक प्रत्यक्ष सुरू आहे ते. दुसऱ्यात १० आहे आणि तिसऱ्यात नाही, तर व्हीलॅन १० बनवायचाच राहिलाय. तिसऱ्यात आहे आणि चौथ्यात नाही, तर बहुतेक स्पॅनिंग ट्रीने, म्हणजे लूप होऊ नये म्हणून वाट बंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलने, तो अडवलाय. स्विच सेकंडहँड आहे ना, तर फ्लॅशमधली 'व्हीलॅन डॉट डॅट' ही फाइलही बघा. 'राइट इरेज' केलं तरी ती जागची हलत नाही आणि जुन्या मालकाचे व्हीलॅन तुमच्या यादीत दिसत राहतात. ती वेगळी डिलीट करून स्विच रीस्टार्ट करावा लागतो, आणि मग तुमचे व्हीलॅन पुन्हा बनवावे लागतात.

आता मधली लाइन. प्रोव्हायडरला 'लाइन ओके आहे का' असं विचारलंत तर तो ओकेच म्हणणार. नेमकं विचारा, आणि मेलवर विचारा : ही लाइन ८०२.१क्यू टॅग जसाच्या तसा पलीकडे पोचवते का? टॅग धरून १५२२ बाइटची फ्रेम जाते का? साधी इथरनेटची फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची, टॅगचे चार धरले की १५२२. मधल्या एखाद्या जुन्या डब्याला हे चार बाइट झेपत नाहीत. मग लक्षण फार फसवं असतं. पिंग जातं, आयपी मिळतो, बिलिंगमध्ये लॉगिनही होतं, आणि महिन्याचा मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन तशीच गोठते. सगळे सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावत बसतात.

याची परीक्षा सोपी आहे. गोडाऊनच्या बिलिंग कॉम्प्युटरवर विंडोजची काळी खिडकी उघडा आणि दुकानातल्या सर्व्हरला, तोही व्हीलॅन १० मध्येच आहे असं धरते, १४७२ आकाराचं पिंग करा, 'एफ' लावून, म्हणजे तुकडे न करता. मग १४६८ चं. १४६८ जातं आणि १४७२ 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणतं, तर हरवलेले बरोबर चार बाइट म्हणजे तुमचा टॅग. त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट प्रोव्हायडरला पाठवा. याच्यावर 'आमच्याकडून ओके' म्हणणं जड जातं. आणि व्हीलॅन १ चं पिंग जातं पण टेबलावर चाललेल्या १० चं एकही जात नाही, तर तो टॅगच गाळतोय. तेव्हा 'आम्हाला टॅग जसाच्या तसा पोचवणारी सर्व्हिस द्या' एवढंच सांगा.

हे झालं जोडणीचं. पण तुमच्या यादीवर माझं भांडण आहे. चारही व्हीलॅन वाडीला काहून न्यायचे?

कॅमेरे घ्या. गोडाऊनला सोळा कॅमेरे आणि प्रत्येकाचे ४ एमबीपीएस धरले तर ६४ होतात. लाइन ५० ची. म्हणजे कॅमेरेच सगळी लाइन खातील आणि बिलिंग रांगेत उभं. रेकॉर्डर गोडाऊनमध्येच ठेवा, रेकॉर्डिंग तिथेच होऊ द्या. तुम्हाला गादीवर बसून बघायचं असेल तेव्हा राउटरमधून त्या एकट्या रेकॉर्डरपर्यंत रस्ता द्या, तोही फक्त तुमच्या कॉम्प्युटरला. व्हीलॅन २० दोन्ही जागी असू द्या, पण ट्रंकवरून काढून टाका.

गिऱ्हाइकांचं वाय-फाय तर अजिबात नको. वाडीला आलेल्या ट्रक ड्रायव्हरचे व्हिडिओ गांधीबागेला येऊन इंटरनेटवर जाणार, हा कुठला हिशोब? गोडाऊनला स्वस्तातलं ब्रॉडबँड घ्या आणि ४० तिथल्या तिथे बाहेर सोडा. उरले १० आणि ३०. फोनला लाइन फार लागत नाही, पण फोनच्या मध्ये काही आलेलं त्याला चालत नाही. टॅगमध्ये प्राधान्याचे तीन बिट असतात, आवाजाला सहसा ५ देतात. प्रोव्हायडर ते मानतो का, हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

आता डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरांना आपोआप आयपी वाटायची सोय. गोडाऊनला पूर्वीचा ब्रॉडबँड राउटर कुठेतरी कोपऱ्यात लागून असेल आणि त्याचं आयपी वाटणं चालूच असेल. तो व्हीलॅन १० च्या एखाद्या पोर्टात असला तर ट्रंक सुरू झाल्याबरोबर दुकानातले कॉम्प्युटरही त्याच्याकडून आयपी घेऊ लागतात. आज याचं चालतं, उद्या त्याचं. कोणालाही 'लाइन लागल्यापासून गडबड' एवढंच कळतं. ट्रंक जोडण्याआधी गोडाऊनमध्ये फिरून, ४० साठी घेतलेल्या ब्रॉडबँडचा राउटर सोडून, प्रत्येक राउटर आणि वाय-फायच्या डब्याचं डीएचसीपी बंद करा. १० ला आयपी देणारा एकच, तो दुकानात.

पुढे कधी सेटिंग बदलायची झाली तर आधी लांबचं टोक बदला, मग जवळचं. लांबचं बदलताना संपर्क तुटला तरी जवळचं तुमच्या हातात असतं, ते जुळवलं की परत जोडलं जातं. उलटं केलं की गाडी काढा आणि वाडी गाठा. उद्या वाडीलाही सिस्को बसवलात तर बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' टाका आणि बदल सेव्ह करू नका. बाहेर अडकलात तर दहा मिनिटांत स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर येतो. सगळं जमलं तर 'रीलोड कॅन्सल' विसरू नका.

दुसरी लाइन बॅकअप म्हणून घ्यायचा विचार असेल तर स्पॅनिंग ट्रीचा रूट, म्हणजे मुख्य स्विच, दुकानाच्या २९६० ला हाताने ठरवून द्या. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी ३२७६८ च राहिली तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो, आणि तो बहुतेकदा सगळ्यात म्हातारा स्विच असतो. शिवाय प्रोव्हायडर बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, अडवत नाही ना, ते विचारा. अडवत असेल आणि तुम्ही दोन्ही लाइनी लावल्या, तर लूप होईल, म्हणजे त्याच फ्रेम गोल गोल फिरत राहतील, आणि दुकान व गोडाऊन एकदमच बंद पडेल.

प्रश्न : आमच्या क्लासेसच्या धरमपेठेत रस्त्याच्या दोन बाजूंना दोन इमारती आहेत. गच्चीवरून गच्चीवर साधारण ६० मीटर अंतर. इलेक्ट्रिशियन म्हणतो बाहेरची कॅट-६ ताणून देतो, १०० मीटरपर्यंत चालते. दोन्हीकडच्या स्विचमध्ये ट्रंक करायचा आहे. ताणू द्यावी का?
— क्लासचे संचालक, धरमपेठ

उत्तर : नको. १०० मीटरचं त्याचं बरोबर आहे, पण प्रश्न लांबीचा नाहीच. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि तांब्याची वायर दोन्हींना जोडून देते. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर विजा सुरू झाल्या की जवळपास कुठेतरी पडलेली वीजही या वायरीतून दोन्हीकडचे स्विच जाळू शकते.

फायबर टाकायची तर सिंगल मोड, आणि आत धातूची तार नसलेली. आर्मर्ड केबल मजबूत म्हणून देतात, पण ते आर्मर लोखंडाचं, म्हणजे वीज परत आलीच. रस्ता सार्वजनिक आहे, तेव्हा त्यावरून काही लटकवण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या. ते नको असेल तर दोन गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ समोरासमोर लावा. ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या पॉवरच्या आत लायसन्स लागत नाही, यंत्राला डब्ल्यूपीसी या केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता मात्र हवी. रेडिओ ब्रिज मोडमध्ये ठेवा आणि टॅग जाऊ देतो का ते घेण्याआधी विचारा. रेडिओला खालून जाणारी वायर तांब्याचीच असते, म्हणून तिला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच.

आणि एक. स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, बंद पेटीत किती होत असेल ते हात लावून बघा. साधा एसएफपी मॉड्यूल, म्हणजे स्विचला फायबर जोडायचा तुकडा, ७० अंशांपर्यंतचा असतो. फायबर खाली खोलीपर्यंत आणा.

प्रश्न : आमचा बुटीबोरीला छोटा कारखाना आणि सदरला ऑफिस आहे. दोन्हीकडे साधं ब्रॉडबँड आहे. इंटरनेटवरूनच ट्रंक करता येईल का? वेगळी लाइन परवडत नाही.
— लघुउद्योजक, बुटीबोरी

उत्तर : सरळ नाही. टॅग तुमच्या राउटरपर्यंतच जातो, राउटरने पाकीट पुढे पाठवलं की तो गळतो. टॅगसकट फ्रेम बोगद्यातून पाठवायच्या युक्त्या आहेत, पण तुम्हाला त्यांची गरज नाही. दोन्ही राउटरमध्ये आयपीसेक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन जागा सुरक्षित जोडायची सोय, करा आणि प्रत्येक जागेला आपापले व्हीलॅन ठेवा. सर्व्हरपर्यंत पोचायला एकच व्हीलॅन लागतो हा गैरसमज आहे, रूटिंग पुरतं. फायदा असा, की कारखान्यात कोणी वायर चुकीची खोचून लूप केला तर सदरचं ऑफिस बंद पडत नाही.

दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल, बहुतेक असेलच, तर आधी एका जागेचं बदला. आणि निदान एका टोकाला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी मागून घ्या. साध्या प्लॅनमध्ये अनेक गिऱ्हाइकांना मिळून एक पब्लिक आयपी देतात, तेव्हा बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणी येऊच शकत नाही.

प्रश्न : व्हीलॅनसाठी १२ बिट असतात, म्हणजे ४०९६. मग पुस्तकात ४०९४ का? व्हायव्हात सरांनी विचारलं, मी गप्प राहिलो.
— पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ० आणि ४०९५ हे दोन राखीव. ० चा अर्थ 'या फ्रेमला व्हीलॅन नाही, फक्त प्राधान्य आहे'. ४०९५ वापरायचाच नाही. चार बाइटचा हिशोब पण पाठ करून ठेव, पुढचा प्रश्न तोच येतो : पहिले दोन बाइट ८१०० हेक्स, मग ३ बिट प्राधान्य, १ बिट डीईआय (गर्दी झाली तर आधी टाकून देता येणारी फ्रेम ओळखायला), आणि १२ बिट व्हीलॅनचा नंबर. सिस्कोवर १००२ ते १००५ बनवता का येत नाहीत असं विचारलं, तर सांग की ते टोकन रिंग आणि एफडीडीआय या जुन्या नेटवर्क प्रकारांच्या काळापासून अडवून ठेवलेत.